संध्याकाळची बाजू

पेकालोंगान

प्रिय वुर्यानी मावशी,

तू मेदानला गेलीस तेव्हापासून आईसमोर तुझं नाव काढायची सोय नाही. पण तुझा फोन आला की मला आतल्या खोलीत पिटाळते आणि स्वतः दाराआड उभी राहते. या वयात चोरून ऐकणं, आता काय बोलायचं!

बातमी अशी, की माझं लग्न ठरलं, लेबारानची ईद झाल्यावर. आईनं फर्मान काढलंय, पोरगी दोन बाजूंचं बाटिकच नेसेल. तुम्ही दोघींनी मिळून काढलं होतं तसं: अर्ध्या कापडावर सकाळची नक्षी, अर्ध्यावर संध्याकाळची, हवी ती बाजू वर घ्यायची. सकाळची लाल फुलं तिला पाठ आहेत. तुझे निळ्यावरचे बगळे मात्र तिच्या हाताला येईनात. आणि ते कापड तर आजोबांनी विकून टाकलेलं, ज्यावरून तुम्हा दोघी बहिणींचं बिनसलं. उरला होता तुझा ते नेसलेला फोटो, पण त्यात बगळे गिरवण्याइतके नीट दिसत नाहीत.

तो मी आमच्या संग्रहालयातल्या संगणकाला दाखवला. तिथे बाटिकांचे लाखो फोटो आहेत. पूर्वी तो एकेक ताडून बघायचा. तुम्ही जेवून या, तरी चालूच. आता आम्ही न्यूरल नेटवर्क शिकवून तयार केलंय. ते प्रत्येक फोटोला छोटीशी खूण देतं, सारख्या खुणांचे फोटो एका कप्प्यात ठेवतं, आणि शोधायचा तो तेवढा कप्पा. पापणी लवायच्या आत उत्तर. फक्त माझं उत्तर दर वेळी चुकीचं यायचं. सोबतचा हेरू म्हणायचा, तुझी मावशी बगळ्यांसकट उडाली बघ. मला रागच यायचा.

परवा आईचं जुनं बाटिक नेसून बघत होते, तेव्हा आरशात बघता बघता डोक्यात प्रकाश पडला. तुझ्या फोटोत एकच बाजू दिसते. आम्ही मात्र कापडं सबंध पसरून फोटो काढलेले आणि दोन नक्ष्यांना मिळून एकच खूण दिलेली. धड सकाळ नाही, धड संध्याकाळ नाही. असली कापडं नेसून वाढलेली पेकालोंगानची माणसं आम्ही, आणि हे सुचू नये! मग प्रत्येक फोटोचे दोन भाग केले, दोन खुणा दिल्या. पहिल्याच झटक्यात तुझे बगळे समोर आले, मावशी. मी सगळ्यांदेखत रडले.

फोटो छापून आईला दिला. बराच वेळ बघत बसली. मला वाटलं, आता गिरवायला घेईल. तर म्हणाली, नक्कल मी करायची नाही, तो तिचा हात आहे. आईची सकाळ मेणानं काढून झालीय, उरलेलं अर्धं कापड कोरं आहे. काल तिनं मेणाच्या कढईपाशी दुसरं बुटकं स्टूल आणून ठेवलं. ती काही तुला लिहायची नाही, म्हणून मी लिहितेय. तू ये आणि माझी संध्याकाळ काढ.

तुझ्या बगळ्यांची वाट बघणारी, तुझीच
किनांती