मागाजवळची चिमणी

काजलच्या आबांले,
नागपूरहून जनाचा नमस्कार.

गुडघा आता बरा आहे, टाके निघाले. पंकज आणि सूनबाई चांगलं पाहून राहिले. सकाळी सगळे गेले की घरात मी आणि घड्याळ. सातव्या मजल्यावर भाजीवालाही येत नाही.

काजलले शाळेत आवाज आणि शांततेवर हायकू लिहायले सांगितलं होतं. तीन ओळी, अक्षरं पाच, सात, पाच. तिनं मलेही शिकवलं. मागावर ताण्याचे धागे मोजावे तशी मी बोटांवर अक्षरं मोजत बसते. दिवस जातो. काळजी करू नका.

तुम्ही वेळेवर जेवता ना?

एक गोष्ट फोनवर बोलवत नाही, म्हणून लिहून राहिली. परवा अकरा वाजता तुम्ही म्हणाले, "मागावर बसलो आहो, साडी अर्धी झाली, ठेवतो." पण फोन कापायचं विसरले. मी मागाची खटखट ऐकायले कान लावून बसली. पाच मिनिटं झाली, दहा झाली. मग हे लिहिलं:

माग थांबला
घरात चिमणीचा
आवाज मोठा

काजल म्हणाली, "आजी, मस्त जमलं वं!" तिले काय सांगू?

हात दुखतात काय? की कांड्यांवर सूत भरायले कोणी नाही म्हणून? चाळीस वर्षं त्या मीच भरल्या.

शनिवारी अकरा वाजता फोन करीन. माग बंदच असेल तर तुम्ही काही बोलू नका. फोन अंगणाकडं धरा, चिमणीले बोलू द्या.

तुमचीच,
जना