पहिला घाणा सिस्टरचा

प्रिय आये,

आज शाळा उघडली आणि मी गेले नाही. तिकडे बोरिवलीला प्रार्थना सुरू झाली असेल. मी इथे कांदिवलीत, तू मिरच्यांचे देठ खुडायला बसायचीस त्या खिडकीपाशी टेबल ओढून बसले आहे. समोर कादंबरीचे कागद आहेत. पण त्यांना हात लावण्याआधी तुला सांगायला हवं. मी नोकरी सोडली. निवृत्तीला दोन वर्षं होती, तरी सोडली. आता फक्त लिहिणार.

तुला दिलेला शब्द मी मोडला, आये. रडत नाहीये. उलट चांगली ताठ बसले आहे.

आठवतं तुला, मी सहा वर्षांची होते आणि तू कॉन्व्हेंट शाळेच्या फाटकाशी मसाला विकायला बसायचीस? एकदा मोठ्या सिस्टरनी डब्यात नाक घातलं, तीनदा शिंकल्या आणि बरणीभर मसाला घेतला. मग माझ्याकडे बघून विचारलं, ही कुठल्या शाळेत जाते? जूनमध्ये मी पहिलीत बसले. फी त्यांनी कधी मागितली नाही. तेव्हापासून तुझा नियम झाला. मे महिन्यात भाजलेला पहिला घाणा डंकावरून कुटून आणायचा, बरणीत दाबून भरायचा, वर्षभर टिकावा म्हणून वर हिंगाचे खडे ठेवायचे आणि ती बरणी सिस्टरकडे पोचवायची. मग बाकीचे. एकदा मामा गावाहून आला आणि पहिल्या घाण्यातलं मागू लागला. दिलं नाहीस, म्हणून रुसला. तू म्हणालीस, "रुसांदे. पयलो घाणो सिस्टरचो."

आणि मी शाळेतून शिकून येऊन तुला मम्मी म्हटलं तेव्हा? तू मागे वळून बघितलंस आणि विचारलंस, ही कोण बाय इली आपल्या घरात? वर्गातल्या सगळ्या मुलींच्या मम्मी होत्या. माझी आयेच राहिली. किती लाज वाटायची मला तेव्हा! आज त्या लाजेची लाज वाटते.

पुढे त्याच शाळेत मी शिकवायला लागले. पहिल्या दिवशी तू माझ्याकडून शब्द घेतलास. "ज्या दारान तुका आत घेतल्यान, तेका पाठ दाखव नको." मी हो म्हटलं आणि तीस वर्षं पाळलं. मुली आवडायच्या मला, खोटं कशाला बोलू? पण लिहायला मिळायचं ते पहाटे अर्धा तास आणि सुट्टीत. गोष्ट झाली की तुला वाचून दाखवायची. तू देठ खुडता खुडता ऐकायचीस. एकदा निकाल दिलास, "बरी आसा. पण टिकाची नाय. हिंग घालूक इसारलस." केवढी चिडले होते मी! मग तीच गोष्ट चार वेळा पुन्हा लिहिली. माझी पहिली छापून आलेली गोष्ट ती. हे तुला मी कधी कबूल केलं नाही, ते आज करते.

तू गेल्यावर एका प्रकाशकांनी माझ्या गोष्टी वाचून कादंबरी मागितली. तीन प्रकरणं झाली आणि गाडी अडली. उत्तरपत्रिका तपासून उरलेल्या वेळात कादंबरी होत नाही गं. मी राजीनामा लिहिला. पण ऑफिसात देण्याआधी मोठ्या सिस्टरना सांगायला हवं होतं. मे महिन्यात तुझ्यासारखाच पहिला घाणा केला, बरणी घेतली, पर्समध्ये राजीनामा घातला आणि गेले. बरणी दिली. राजीनामा पर्समधूनच परत आला. पुढच्या मे महिन्यातही तेच. हसतेस ना?

या वर्षी मात्र बोलले. सिस्टर नव्वदीच्या पुढे आहेत, व्हरांड्यात खुर्चीत बसून असतात. झाकण उघडून त्यांनी वास घेतला, शिंकल्या. मी सगळं सांगितलं, तुला दिलेला शब्दसुद्धा. त्यांनी बरणीचं झाकण घट्ट लावलं. मग म्हणाल्या, "शालन, मी तुला शिकायला घेतलं होतं. ठेवून घ्यायला नाही."

आणि मग त्यांनी तुझी गोष्ट सांगितली. मी तिसरीत असताना त्यांनी तुला कॉन्व्हेंटच्या स्वयंपाकघरात कायमची नोकरी देऊ केली होती. पगार, राहायला खोली, डोक्यावर सावली. तू नाही म्हणालीस. स्वयंपाक तुमच्या नावाचा होईल, मसाला माझ्या नावाने जातो, असं तोंडावर सांगितलंस.

"मला फार राग आला होता," सिस्टर म्हणाल्या. "मग मे आला, आणि पहिला घाणा घेऊन ती नेहमीसारखी उन्हातून चालत आली."

आये, हे मला का नाही सांगितलंस? त्याच दाराला तू स्वतः नाही म्हणालीस आणि मला मात्र त्या दारात बांधून ठेवलंस! कळतं मला. जन्मभर उन्हात बसलीस, लेक तरी सावलीत राहावी असं वाटलं असेल. पण मी तुझीच ना? तू सांगितलंस ते तीस वर्षं केलं. आता तू केलंस ते करते.

त्याच दुपारी राजीनामा दिला. सिस्टरना आता वाचता येत नाही, म्हणून दर शनिवारी जाऊन त्यांना नवं प्रकरण वाचून दाखवणार आहे. त्या तुझ्याहून सौम्य आहेत. हिंगाचं मलाच बघावं लागेल.

तर तुला नवा शब्द देते. घाईत, कच्चं, न टिकणारं एकही पान या घरातून बाहेर जाणार नाही. आणि पुस्तक आलं की पहिली प्रत सिस्टरकडे जाईल. तुझ्या फोटोसमोर दुसरी. रुसलीस तर रूस. नियम तुझाच आहे.

आता लिहायला बसते.

तुझी,
शालन