नवरीच्या बाजूचा नमदा

बजरंगराव,

काडीमोड झाल्यावर तुमचं नावबी घ्यायचं न्हाय, असं ठरवलं होतं. पण काल जळकोटात आमच्या सीटकव्हरच्या दुकानात तुमची बिनटपाची जुनी मोटार आली. ड्रायव्हर म्हणाला, "मालकांचं दुसरं लगीन हाय. वरातीसाठी नवं कार्पेट बसवा. त्याच्यावर कुणी पायताण घालायचं न्हाय म्हणलेत."

आपल्या वरातीत ह्याच मोटारीत सासूबाई पुढं बसल्या, म्हणून मी चपला काढून बसले. खालच्या तापलेल्या पत्र्यानं तळवे भाजले, तर तुम्ही म्हणालात, "सोसायला शीक." तवा साधं गोणपाटबी सुचलं न्हाय तुम्हाला.

कार्पेट मीच बसवलं. नवरी डावीकडं बसते, तिथं खाली लोकरीचा जाड नमदा दुहेरी घातलाय. तिला धग लागणार न्हाय. तुमच्या बाजूला नमदाच न्हाय, पत्र्यावर नुसतं पातळ कार्पेट.

हे पत्र धाडत न्हाय. वरात निघाली की कळंल. सोसायला शिका.

आता तुमची कुणी नसलेली,
दीपमाला