सुमनची रेघ

५ जाने., सोम.
सकाळी साडेसहा. सु.ची रांगोळी उतरवून घेतली. वही क्र. ११ संपत आली. आज कमळ, म्हणजे कमळासारखं काहीतरी. पाकळ्या एकमेकींत घुसलेल्या, रेघ वळणावर अडखळते आणि तशीच पुढं जाते. तीस वर्षं शाळेत ड्रॉइंग शिकवलं, अशी रेघ मला कधी जमली नाही. दूधवाला रांगोळीवरनं गाडी घालणार होता. खेकसलो.
पुण्याच्या गॅलरीवाल्या बाईंचा फोन. प्रदर्शनाला माझे वीस कॅनव्हास नक्की, सगळे सु.च्या रांगोळ्यांवरनं रंगवलेले.

७ जाने., बुध.
सु.ला चिडवलं, "तू आता मॉडर्न झालीस. ठिपके सोडलेस, मोजमाप सोडलंस."
हसली नाही. "तुमास्नी आवडतंय न्हवं?" एवढंच.
आवडतंय काय! पूर्वी पंधरा ठिपक्यांची काढायची, पट्टी लावल्यासारखी. उतरवून घ्यावी असं कधी वाटलंच नाही. दोनेक वर्षांपूर्वी एकदम मोकळी सुटली. दारभर असायची ती आता ताटाएवढी. संयम म्हणतात तो हाच. बायको करायला गेलो आणि गुरू मिळाला, असं मी सगळ्यांना सांगत असतो.

१३ जाने., भोगी.
अश्विनी आली कोडोलीहून. सु.च्या बहिणीची मुलगी, फिजिओथेरपिस्ट. बाजरीची भाकरी, भोगीची भाजी. जेवल्यावर वह्या मागितल्या. फुशारकीनं पहिल्यापासून दाखवल्या. पाचव्या वहीपाशी तिचं हसणं बंद झालं.
"काका, ह्या तारखा खऱ्या हायत?"
"खऱ्या म्हणजे? रोजच्या रोज काढलोय."
मग तिनं मावशीला बोलावलं. चिमटीची उघडमीट करायला लावली. उजवी बोटं मध्येच थांबायची. चालून दाखव म्हणाली. उजवा हात हलेना, अंगाला चिकटलेला. हा हात मी कितीदा काढलाय. खाली लिहिलंय, 'पदर सावरणारा हात'. पदर कुठं सावरलाय त्यात?
अश्विनीनं मला घरामागच्या परड्यात नेलं. "मावशीला मेंदूच्या डॉक्टरकडं न्या. उगंच टाळाटाळ नको."

१४ जाने., संक्रांत
सु.नं तिळगूळ दिला. हातातनं सांडला, मी वेचला.

१६ जाने., शुक्र.
डॉक्टर तरुण. सु.ला कागद दिला, मधनं बाहेर गोल गोल चक्र काढा म्हणाले. तिनं काढलं. कॅनव्हास क्र. १२! तीच थरथर, तेच वेढे, एकमेकांवर दाटलेले. त्यावर मी तीन महिने घालवलेत.
पार्किन्सन्स.
"त्रास कधीपासून?"
सु. म्हणाली, गेल्या दिवाळीपासून. मी वह्यांची पिशवी टेबलावर ठेवली. डॉक्टर पानं उलटत गेले, दोनदा मागं आले. "दोन वर्षं तरी झाली असतील. इतकी बारकाईनं ठेवलेली नोंद माझ्याकडं कुणी आणली नव्हती." मग माझ्याकडं बघून, अगदी साधेपणानं, "तुमच्या लक्षात आलं नाही?"
आलं होतं की. रोज येत होतं. मी त्याला

१७ जाने., शनि.
काल वाक्य पुरं झालं नाही. आजही होत नाही.
सु.ला विचारलं, तुला कळलं नव्हतं?
"कळलं न्हाय कसं? ठिपकं जुळंनात झालं. म्हटलं, बंद करावी रांगोळी. तर तुमी वही घेऊन दारात उभं! लगीन झाल्यापास्नं पैल्यांदा माझं कायतरी तुमास्नी आवडलंवतं. म्हणून मी गप बसलो."
दोन वर्षं! माझ्या 'वा वा'पायी. तिथंच पाटावर बसलो. माझ्यापेक्षा डोळे असून आंधळा असलेला बरा, निदान कौतुक तरी करत नाही.

१९ जाने., सोम.
पुण्याला फोन करून सांगितलं, चित्रं देत नाही. सु. आतून ऐकत होती. बाहेर येऊन कडाडली.
"रांगोळी माझ्या हातची. न्हाय म्हणणारं तुमी कोण?"
"लोक बघतील गं."
"बघू देत की. लाज तुमास्नी वाटतीया, मला न्हाय."
गॅलरीवाल्या बाई थांबायला तयार आहेत, फेब्रुवारीच्या दहापर्यंत.

२७ जाने., मंगळ.
सु.ला गोळ्यांनी मळमळ. डॉक्टर म्हणाले, गुण यायला दोन-तीन आठवडे लागतील. स्टुडिओत गेलो नाही. कॅनव्हास भिंतीकडं तोंड करून ठेवलेत.

६ फेब्रु., शुक्र.
आज सडा टाकून सु.नं ठिपके घातले. अकरा ओळी. रेघा सरळ, एक सोडली तर सगळ्या जुळल्या. मला हाक मारली. चेहरा असा फुललेला, किती दिवसांनी!
आणि माझ्या मनात पहिलं काय आलं ते इथं लिहायलाच हवं. ती रेघ गेली, असं आलं. बायकोचा हात सुधारला आणि मला हळहळ वाटली. कसला माणूस आहे मी?
तिनं तोंड ओळखलं असणार. "खरं सांगा. ही चांगली का ती?"
"हीच," मी म्हटलं.
"मग घ्या की उतरवून."
वही आणली. पेन्सिल टेकवली. सु. बाजूला सरून उभी राहिली, पानाकडं बघत. ऊन रांगोळीवर आलं, गल्लीतली पोरं शाळेला गेली. पान कोरंच होतं आणि ती तिथून हलत नव्हती.