माझ्या पेशींचा ट्रेनिंग कॅम्प

६ मार्च
एल्डोरेटच्या इस्पितळात तपासणी. माझ्या बहिणीने, जेमेलीने, दिलेल्या किडनीत बीके नावाचा व्हायरस मुक्कामाला आहे, आता रक्तातही उतरलाय. डॉ. नेकेसा म्हणाल्या, घाबरू नका कोच, हा बहुतेकांच्या अंगात लहानपणापासून झोपलेला असतो. परकी किडनी टिकावी म्हणून गोळ्यांनी तुमच्या सैनिक पेशींना झोपवलंय, त्यात याचं फावलं. सकाळी दोन आणि संध्याकाळी दोन घेता, त्याऐवजी दोन्ही वेळा एकेकच गोळी घ्या, पेशी जराशा जाग्या होतील. 'जराशा' दोनदा म्हणाल्या. डॉक्टर मंडळी मुळातच भित्री.

७ मार्च, पहाटे ५
इथे इटेनमध्ये तीस वर्षं पोरांना शर्यतीसाठी तयार करतोय. अर्धवट झोपेतला गडी शर्यत जिंकत नाही. सकाळची गोळी बंद. जेमेलीला सांगितलेलं नाही. माझी सगळ्यात चांगली धावपटू होती, पण काळजी फार करते.

१९ मार्च
दोन किलोमीटर चाललो. पेशी फॉर्मात. जेमेलीने फोनवर विचारलं, दादा, गोळ्या वेळेवर घेतोस ना? म्हटलं, विचारतेस कोणाला.

३ एप्रिल
उद्या रक्तात गोळीचा अंश मोजणार. कमी भरला तर बोलणी खावी लागतील. उपाय सुचलाय.

४ एप्रिल
रक्त देईपर्यंत सकाळची गोळी घ्यायची नाही, असा नियम आहे. मी निघतानाच तीन घेतल्या. अंश भरपूर निघाला. डॉ. नेकेसांनी विचारलं, गोळी घेऊन आलात का? म्हटलं, छे, मी शिस्तीचा माणूस. त्या बुचकळ्यात पडल्या. मग म्हणाल्या, अंश एवढा जास्त आहे तर आता फक्त संध्याकाळी एक. म्हणजे महिनाभर मीच बरोबर होतो. व्हायरसही निम्म्यावर.
आता संध्याकाळचीही एक दिवसाआड घेईन. घरी येऊन मुरसिक प्यायलो. कच्च्या दुधाचं आंबवलेलं, मला मनाई आहे. पण जिंकून आलेल्याला आमच्याकडे तेच पाजतात.

२० एप्रिल
बुटात पाय जाईना. ट्रेनिंगमध्ये सूज येतेच, असं भेटायला आलेल्या जेमेलीला म्हटलं. ती म्हणाली, कसलं ट्रेनिंग, तू तर खुर्चीतून उठत नाहीस. लघवी कमी झालीय. घाम जास्त जात असणार.

२४ एप्रिल, वॉर्ड
व्हायरस रक्तातून जवळजवळ गेलाय. पेशी मात्र तिथे थांबल्या नाहीत. किडनी परकी आहे हे त्यांच्या लक्षात आलं आणि त्या तिच्यावरच तुटून पडल्या. निम्मी गेली. उरलेली वाचवायला इंजेक्शनं चालू आहेत, वाचेलच असं नाही. डॉ. नेकेसांनी पुन्हा विचारलं तेव्हा सगळं सांगितलं, त्या तीन गोळ्यांसकट. जेमेली दारातच उभी होती. मला फार लाज वाटली.
डॉक्टर गेल्यावर तिने माझ्या पायांवर चादर घातली. म्हणाली, दादा, आता माझ्याकडे एकच उरलीय, ती मागू नकोस.
तसं माझ्या मनातही आलं नव्हतं, असं मी तिला म्हणालो. आलं होतं.