भाचीवर कागद

॥ श्री ॥

नांदगाव, १६ जानेवारी २०२५

चि. दिशा हिस, मामा-मामीचे अनेक आशीर्वाद.

सोबत तिळगूळ पाठवला आहे. वाटेत त्याचा भुगा झाला तर चमच्यानं खा, पण टपालखात्याला नावं ठेवू नकोस. आमचा जन्म त्यात गेला. फोन आहे, कबूल, पण दुसऱ्यांची पत्रं वाटून रिटायर झालो, आता माझ्याही दारात कुणी पत्र आणून द्यावं एवढीच हौस आहे. तेव्हा आळस सोडून उत्तर लिही.

तुझ्या शोरूममधून घेतलेली आपली गाडी पुन्हा ओरडायला लागली आहे. काटा साठच्या पुढे गेला की मागून हुंकार सुरू होतो आणि पहिला गिअर टाकला की खाडकन दणका बसतो. तुझी मामी म्हणते तिच्या पोटात वारा धरलाय, ओवा द्या. शेजारचा चंदर टेम्पो चालवतो, तो म्हणतो डिफरन्शियल गेलं. मला त्यातलं काय कळतं? माझ्या सायकलला असलं लचांड नव्हतं. मी सगळ्यांना मागच्या तपासणीचं तुझ्या हातचं कार्ड काढून दाखवतो. 'आवाज सामान्य, गाडी चालवण्यास हरकत नाही,' खाली तुझी सही.

चैत्राच्या यात्रेआधी, गर्दी नसताना मामीला सप्तशृंगीच्या गडावर न्यायचं ठरवलं आहे. संसारात तिला मी कुठे म्हणून नेलं नाही. गाडी घेतली ती तिच्यासाठीच. ती पुढच्या सीटवर बसते आणि रस्त्यात दिसेल त्याला हात करते, ओळख असो-नसो.

जेवणाची हयगय करू नकोस. मामीचा तुझ्यावर जीव आहे, माझाही थोडाफार आहे.

तुझा
रंगनाथमामा

॥ श्री ॥

इंदिरानगर, नाशिक, २४ जानेवारी २०२५

ती. मामा व सौ. मामी यांस, दिशाचा शि. सा. नमस्कार.

तिळगूळ चमच्यानंच खाल्ला. मामा, आता थट्टा बाजूला ठेवून पुढचं नीट वाचा. फोनवर हा विषय काढला की तुम्ही रेंज नाही म्हणून सांगता.

चंदरभाऊ बरोबर बोलतात. डिफरन्शियल म्हणजे मागच्या दोन चाकांमधला गिअरचा डबा. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त पळावं लागतं, आतल्याला कमी, हा डबा दोघांना सांभाळून घेतो. त्याचे दाते खराब झाले की आधी आवाज येतो, मग धक्के बसतात आणि एखाद्या दिवशी मागची चाकं जागीच आवळली जातात. आपल्या मॉडेलच्या कितीतरी गाड्या याच दुखण्यानं आमच्या गंगापूर रोडच्या वर्कशॉपला येत आहेत. मी तक्रारीच्या काउंटरला बसते, रोज लोकांच्या शिव्या खाते. वरून आम्हाला सांगितलं आहे की कार्डावर 'सामान्य' लिहायचं. तुमच्या कार्डावर मी ते गाडी तपासून लिहिलेलं नाही. लिहायला सांगितलं म्हणून लिहिलं.

जे मालक लेखी तक्रार करतात त्यांना तो डबा गुपचूप बदलून मिळतो. बाकीच्यांना गोड बोलून घरी पाठवतात. तुम्ही तक्रार करा. अर्जात गाडी ठीक असल्याचं कोणी सांगितलं ते लिहावं लागतं. तिथे माझं नाव लिहा. माझं काय व्हायचं ते होईल. तोवर गाडी काढू नका.

मामीच्या गुडघ्याला तेल लावताय ना? दोघांच्या आशीर्वादाची वाट पाहणारी,

दिशा

॥ श्री ॥

नांदगाव, २ फेब्रुवारी २०२५

चि. दिशा हिस, अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. दोनदा वाचलं, मामीला एकदाच वाचून दाखवलं, तेही मधलं गाळून.

पोरी, तू नाशकाला राहून शहाणी झालीस, पण आपल्यातली रीत विसरलीस. आमच्यात मामा भाचीच्या पाया पडतो. तुझी आई, साधनाआक्का गेली तेव्हा तू दहावीत होतीस. तिच्या दिवसांत मी तुझ्या पायाचं पाणी डोळ्याला लावलं आणि मग घास घेतला. त्या भाचीवर मी कागद करू? तिचं नाव लिहून साहेबाकडे पाठवू? माझ्यानं होणार नाही. गाडीला काय व्हायचं ते होऊ दे. तुझ्या पोटावर पाय देऊन मला नवा डबा नको.

आणि तू उगाच घाबरतेस. तुझी आई सशाचं काळीज घेऊन आली होती, तेच तू घेतलंस. गाडी काय, हळू चालवली की झालं. बाकी सर्व क्षेम आहे. मामी तुझ्यासाठी गोधडी शिवते आहे, तीत माझा खाकी शर्ट फाडून घातला, मला न विचारता.

येत जा, पत्र टाकत जा, आम्हाला दुसरं कोण आहे?

तुझा
मामा

॥ श्री ॥

इंदिरानगर, १० फेब्रुवारी २०२५

ती. मामा व सौ. मामी यांस, शि. सा. नमस्कार.

तुमच्या रीतीपुढे मी हात टेकले. मालकाच्या सहीशिवाय अर्ज घेत नाहीत, नाहीतर मीच भरला असता.

मग निदान एवढं ऐका. गाडी पडवीतून हलवू नका. मार्चअखेर मला रजा मिळेल, मी येते आणि आपण तिघं एसटीनं गडावर जाऊ. मामीला खिडकी देऊ, तिथूनही हात करता येतो. मी तुम्हाला शपथ घालते आहे मामा. कार्डावरचं माझं लिहिणं खरं मानू नका, हे पत्र खरं माना.

भेटीची वाट पाहते आहे, माया आहे ती असू द्या.

दिशा

नांदगाव, २० मार्च २०२५

चि. दिशा, आशीर्वाद.

तुझी मामी गेली हे चंदरनं तुला फोनवर सांगितलं. कसं झालं ते मीच सांगायला हवं, म्हणून लिहितो आहे.

गड चढताना गाडीनं काही त्रास दिला नाही. देवीचं दर्शन झालं, तुझ्या नवसामामीनं ओटी भरली, बांगड्या भरल्या. उतरताना एका वळणावर मागून कडकड आवाज आला आणि मागची चाकं आवळली. ब्रेक दाबून, स्टिअरिंग ओढून काही उपयोग झाला नाही. गाडी आडवी होऊन कठड्यावर गेली. कठडा तिच्या बाजूला होता. माझा खांदा निखळला, एवढंच. मी लय हाका मारल्या.

निघताना तिनं विचारलं होतं, दिशा नको म्हणते ना? मी तुझं कार्ड काढून तिच्यासमोर धरलं. पत्रातही तुझंच अक्षर होतं, कार्डावरही तुझंच. मला कार्ड पटलं, कारण मला जायचं होतं. तिला पुढे बसवून घाट दाखवायचा होता.

दहाव्याला तू आमच्या गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत येऊन परत फिरलीस. चंदरनं पाहिलं. मी त्याला म्हणालो, दुसरी कोणी असेल.

काल कंपनीचा माणूस आला होता. खूप नरमाईनं बोलला, चहासुद्धा घेतला नाही. टाइप केलेला कागद आणला होता. घाटात माझा वेग आवरला नाही, गाडीत दोष नव्हता, असं त्यात आहे. मी सही केली तर भाचीच्या नोकरीला धक्का लागणार नाही असं म्हणाला. मी साधा माणूस असलो तरी मूर्ख नाही, तो काय करतो आहे ते मला कळतं. पण दिशा, नवसा तर गेली. तुझं तरी नीट राहू दे. करू का सही? तू म्हणशील तसं.

मामा

इंदिरानगर, २७ मार्च २०२५

ती. मामांस, शि. सा. नमस्कार.

नमस्काराच्या ओळीत नुसते तुम्हीच, हे लिहायला सकाळपासून बसले आहे.

सही करू नका. नोकरीची काळजी नको, मी ती सोडली. परवा पोलिसांत जबाब दिला. गाडी न तपासता, वरून सांगितलं म्हणून मी 'सामान्य' लिहिलं, आणि असं कितीतरी गाड्यांवर लिहिलं, हे सगळं सांगितलं. त्यामुळे माझ्यावर काही आलं तर येऊ दे. आता तुम्ही वाचवावं असं कोणी उरलेलं नाही मामा. तक्रार करा. त्या गाड्या अजून रस्त्यावर आहेत आणि त्यांत पुढच्या सीटवर कोणीतरी बसतं आहे.

कोपऱ्यावरून परत फिरले ती मीच. दारात बायका बसल्या होत्या. मी आत आले असते तर रीतीप्रमाणे तुम्ही माझ्या पाया पडला असता. ते मला सोसलं नसतं. जिच्या अक्षरानं मामी गेली तिच्या पायाला तुम्ही हात लावायचा? मी बसस्टँडवर येऊन रडत बसले आणि मिळेल त्या गाडीनं परत आले.

आशीर्वाद मागायला तोंड नाही.

दिशा

नांदगाव, ९ एप्रिल २०२५

चि. दिशा हिस, मामाचे अनेक आशीर्वाद. तू मागितले नाहीस तरी देणं माझ्याकडे आहे.

तक्रार केली. मनमाडचे वकील घरी आले होते. सगळं माझ्याच हातानं लिहिलं. गाडी कधी घेतली, आवाज कधी सुरू झाला, घाटात काय झालं. नवसाच्या नावामागे 'कै.' लिहिलं, तेही जमलं.

मग ती ओळ आली. गाडी सुरक्षित आहे असं कोणी सांगितलं, त्याचं नाव. तुझ्या मामीचा जीव गेला आहे, तेव्हा खोटं लिहायचं नाही आणि कोरंही सोडायचं नाही, एवढं मला कळत होतं. शेवटी लिहिलं. चि. दिशा, असं लिहिलं.

वकील म्हणाले, असल्या कागदावर असं लिहीत नाहीत, कु. लिहा, नाहीतर नुसतं नाव लिहा. समोरचे हसतील. मी म्हणालो, हसू देत. तिची चूक आहे हे मी खाली लिहिलंच आहे. पण तिचं नाव मी आशीर्वादाशिवाय कधी लिहिलेलं नाही, आज तर नाहीच लिहिणार.

कागद तसाच गेला आहे.

तुझा
रंगनाथमामा