'धाकटी' शोधतोय

सोमवार
खुर्चीला हात आहेत, पंखा माझा एकटीचा, सगळं खरं. पण आधीच्या बाईनं कीबोर्डवर चहा सांडून ठेवलाय त्याचं काय? बटणं चिकटतात. आल्या आल्या तेच पुसत बसले. बाकी नोकरी झकास. गोदामाच्या खिडकीत बसायचं, मागतील ती वस्तू टाइप करायची. ती तळघरातल्या कॉम्प्युटरवर दिसते, खालचा माणूस वस्तू लिफ्टनं वर पाठवतो. कॉम्प्युटरवाल्यानं समजावलं, खालचा सारखा कान लावून बसलेला असतो. आपण दार ठोठावायचं, त्यानं ओ दिली की जोडणी झाली. 'मिळालं' आलं की पुढचं काम त्याचं. मग म्हणाला, मावशी, काहीही टाकून बघा. मी दुसरी नापास. झटकन येतो तो एकच शब्द, माझ्या धाकट्या लेकीनं गिरवून घेतलेला. 'धाकटी' टाकलं. लगेच उत्तर: 'मिळालं. शोधतो.' दोघं पोट धरून हसलो.

मंगळवार
बेअरिंग, पट्टे, नळ, सगळं आलं. पण दर उत्तराखाली जादा ओळ. 'धाकटी: शोधतोय.' खालचा थट्टेखोर दिसतो. भेटू दे, कानफटात देते.

बुधवार
'धाकटी: गोदामात नाही. बाहेर बघतो.' तणतणत खाली गेले. पहारेकऱ्यानं कुलूप काढलं. म्हणे, दोन वर्षं इथं कुणी बसत नाही. कॉम्प्युटर बंद, तार उंदरांनी कुरतडलेली. धुळीत एक पाऊल नाही. मग कालचे नळ पाठवले कुणी?

गुरुवार
कॉम्प्युटरवाल्याला म्हटलं, रद्द कर. तर म्हणतो, 'मिळालं' आल्यावर इथून परत घेता येत नाही, खालूनच सोडावं लागतं. वरची तार उपटायला लावली. तरी पडद्यावर— 'घर सापडलं.' कॉम्प्युटरवाल्या मेल्यानं पिशवी उचलली नि जिना गाठला.

शुक्रवार
घरी गेल्यावर कळलं, दुपारी दार वाजलं. धाकटीनं आतूनच ओ दिली. उघडलं तर कुणी नाही. त्यानं ठोठावलं, हिनं ओ दिली— म्हणजे जोडणी—

शनिवार
तिला सोबत आणलं. माझ्या शेजारी स्टुलावर बसवलं. खिडकीत एकाला नळ दिला, वळले— स्टूल रिकामं. पडद्यावर 'सापडली.' लिफ्ट वर आली. आत तिची एक चप्पल—

रविवार
अक्षर अक्षर हुडकून टाकलं, पोर परत पाठव. 'मिळालं. शोधतो.' शोधतो काय मुडद्या, तुझ्याकडेच आहे ती! बुधवारपर्यंत उत्तर दे. नाहीतर 'आई' टाकते, मग ने मला, मी तिथं येऊन तुझा—